मदत हवी आहे: जुनी जिप्सी गॅसवर घाटात बंद पडते (सोलापूर)

काळं रान
नमस्कार मंडळी. आमची जिप्सी गॅसवर आहे. तुळजापूरच्या घाटात चढाला लागली की आचके देते आणि बंद पडते. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की काही झालंच नव्हतं अशी चालू होते. परत थोडं चढलं की तेच. तीन मिस्त्री झाले. एकानं प्लग बदलले, दुसऱ्यानं कॉइल, तिसऱ्यानं एअर फिल्टर बदलून मिक्श्चर फिरवलं. साडेसहा हजार गेले आणि गाडी आहे तिथंच. परवा आईला देवीला घेऊन निघालो होतो, भर उन्हात पाऊण तास घाटात उभे होतो. शेवटी तिला एसटीत बसवून दिलं. येत्या मंगळवारी परत जायचंय. काय करू ते सांगा, लवकर.

होटगी रोड
कुठलं साल? कार्ब्युरेटर की एमपीएफआय (इंजेक्शनवाली)? गॅस म्हणजे सीएनजी की एलपीजी? किट कधी बसवलं? एवढं तरी लिहा की वो, त्याशिवाय कोण काय सांगणार?

डिझेलच बरं
गॅस-बिस काढून टाका. माझ्या मेव्हण्यानं जिप्सीत डिझेल इंजिन बसवलंय. नांगराला जुंपली तरी ओढेल अशी झालीय.

रिटायर्ड फोरमन
पेट्रोलवर टाकल्यावर त्याच चढाला काय करते? आधी हे सांगा, बाकीचं नंतर.

काळं रान
घाटात बंद पडते हे लिहिलंय की. १९९८ची जिप्सी किंग, कार्ब्युरेटरवाली. एलपीजी आहे, पंपावरचा, रिक्षात भरतात तोच. किट वडिलांनी बसवलं, दहा-बारा वर्षं झाली असतील. पेट्रोलवर चालवतच नाही. कार्ब्युरेटर पाझरायला लागला म्हणून दोन वर्षांपूर्वी पेट्रोलची नळी बंद केली. सकाळीसुद्धा थेट गॅसवरच स्टार्ट करतो. सपाटीला काही त्रास नाही, सोलापूर ते मोहोळ आरामात जाते.

बार्शीकर
उन्हाचा प्रॉब्लेम आहे हा. पेट्रोल पंप तापतो, नळीत वाफ धरते. पंपावर ओलं फडकं गुंडाळा. आमच्या जुन्या फियाटला हाच उपाय होता, कुसळंबच्या पुढं एकदा तसंच केलं होतं.

होटगी रोड
अहो बार्शीकर, त्यांची पेट्रोलची नळीच बंद आहे. पंप तापला काय न् गार झाला काय, फरक काय पडणार?

बार्शीकर
थांबल्यावर चालू होते म्हणजे उष्णताच. माझा अनुभव सांगितला. पटलं तर बघा.

फोर बाय फोर प्रेमी
चढाला ४एच (चारही चाकं ओढणारा गिअर) लावून बघितलं का? चारही चाकांना ताकद मिळाली की इंजिनवरचा लोड कमी होतो.

पाटे आणि एक्सल
नका, नका, असं अजिबात करू नका. जिप्सीला मधे डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर ४एच लावून वळणं घेतली की पुढची आणि मागची चाकं वेगळ्या गतीनं फिरायला बघतात, सगळा ताण ट्रान्स्फर केस (पुढं-मागं ताकद वाटणारा डबा) आणि शाफ्टच्या क्रॉसवर येतो. लिव्हर अडकून बसतो तो वेगळाच. ४एच चिखलाला आणि वाळूला. इंजिनवरचा लोडही त्यानं कमी होत नाही, उलट पुढचा एक्सल फिरवायचं काम वाढतं. काळं रान, तुमच्या फ्री व्हील हबचं ग्रीस शेवटचं कधी बदललं? आणि स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश?

काळं रान
पाटे आणि हब ठीक आहेत. गाडी घाटात बंद का पडते एवढंच विचारलंय.

सीएनजीवाला
एलपीजीचे पंप कमी होत चाललेत. तो किट काढून सीएनजी टाका, एकदाच खर्च.

होटगी रोड
जिप्सीच्या मागं सीएनजीची टाकी बसवली की वजन सगळं मागच्या पाट्यांवर. शिवाय दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (टाकीची दाबाची तपासणी). आणि आत्ता जो दोष आहे तो सापडल्याशिवाय नवीन किट घालून काय साधणार? इंजिनचाच दोष असला तर सीएनजीवर आणखी दमेल.

रिटायर्ड फोरमन
काळं रान, उत्तरं तुटक देताय म्हणून सगळे अंदाज बांधत बसलेत. चार गोष्टी सांगा. एक, बंद पडल्या पडल्या बॉनेट उघडून रिड्यूसर बघितलाय का? (गॅसची नळी जिथं जाते आणि पाण्याच्या दोन नळ्या जिथं जोडलेल्या असतात तो गोल डबा.) दोन, रेडिएटरमध्ये काय घालता? तीन, थर्मोस्टॅट (पाणी गरम होईपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) आहे का? चार, टॅपेट (वॉल्व्हची गॅप) शेवटचे कधी बघितले?

काळं रान
काका, बॉनेट दर वेळी उघडतो. त्या डब्यावर पांढरं दव धरलेलं असतं, बोट लावलं तर चिकटतं. गॅस गार असतो म्हणून होत असेल ते. त्याचा काय संबंध? रेडिएटरमध्ये पाणी घालतो, घरच्या बोअरचं. थर्मोस्टॅट मिस्त्रीनं काढून टाकलाय, सोलापूरच्या उन्हात त्याची गरज नाही म्हणाला. टॅपेट माहीत नाही.

होटगी रोड
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं! मे महिन्यात, ४२ डिग्रीत, चालत्या इंजिनशेजारी बर्फ!

रिटायर्ड फोरमन
तो बर्फच तुमचा आजार आहे. नीट वाचा.

टाकीत एलपीजी पातळ असतो. इंजिनला पातळ गॅस चालत नाही, त्याची वाफ व्हायला लागते. ती वाफ रिड्यूसरमध्ये होते आणि होताना आजूबाजूची उष्णता खेचून घेते. म्हणून इंजिनचं गरम पाणी रिड्यूसरमधून फिरवलेलं असतं. पाणी फिरत नसेल तर डबा गोठतो, आतले रबरी पडदे कडक होतात, गॅस नीट येत नाही. सपाटीला गॅस कमी लागतो म्हणून भागतं. चढाला गॅस जास्त खेचला जातो आणि पाचव्या मिनिटाला डबा पांढरा. तुम्ही दहा मिनिटं थांबता तेव्हा इंजिनच्या गर्मीनं बर्फ वितळतो, म्हणून परत चालू होते. प्लग, कॉइल, फिल्टर यांचा यात काडीचा संबंध नाही.

आता पाणी का फिरत नाही ते बघू. बोअरचं पाणी! आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं गीझरची कॉइल काय होते ते घरात बघितलं असेलच. तोच क्षार रिड्यूसरच्या बारीक वाटेत बसतो.

उद्या एवढंच करा. इंजिन वीस मिनिटं चालवा आणि रिड्यूसरच्या दोन्ही पाण्याच्या नळ्यांना जपून हात लावा. दोन्ही सारख्या गरम पाहिजेत. एक गरम आणि दुसरी गार असेल तर वाट तुंबलेली आहे किंवा हवा धरलीय. हवा धरली असेल तर रिड्यूसर रेडिएटरच्या टोपणापेक्षा वर बसवलाय का तेही बघा, तो खाली लागतो.

बार्शीकर
थर्मोस्टॅट काढलेला बरोबरच आहे. आम्ही सगळ्या गाड्यांचा काढतो. उन्हाळ्यात इंजिन तापत नाही.

रिटायर्ड फोरमन
बार्शीकर, हा समज गॅरेजागॅरेजात आहे आणि चुकीचा आहे. थर्मोस्टॅट गरम झाल्यावर पूर्ण उघडतोच, उन्हाळ्यात तो आडवा येत नाही. तो काढला की इंजिन गरम व्हायला वेळ लागतो आणि पाणी रेडिएटरच्या मोठ्या वाटेनं पळतं, रिड्यूसरच्या छोट्या नळीकडं कमी जातं. गॅसच्या गाडीला तो पाहिजेच. गाडी तापत असेल तर रेडिएटर साफ करा.

बार्शीकर
तीस वर्षं गाड्या चालवतोय मी.

डिझेलच बरं
डिझेलला यातलं काहीच नसतं.

पाटे आणि एक्सल
डिझेलवाले दादा, मेव्हण्याच्या आरसी बुकात इंजिन बदल चढवलाय का? नसला तर अपघात झाल्यावर विम्याचं अवघड आहे. काळं रान, तुमचंही बघा, आरसीवर एलपीजीची नोंद आहे ना? १५ वर्षांनंतरचं पासिंग आणि हरित कर भरलेला आहे ना?

काळं रान
नोंद आहे, पासिंगही आहे. उद्या हात लावून बघतो.

काळं रान
बघितलं. एक नळी हात ठेवता येत नाही इतकी गरम, दुसरी माठासारखी गार! दुपारी दोन्ही नळ्या काढल्या. रिड्यूसरच्या तोंडाशी आत पांढरा-पिवळा दगडी थर, जिथं करंगळी जावी तिथं उदबत्तीची काडी जेमतेम गेली. खाली एक बोल्ट दिसला, तो खोलला तर डांबरासारखं काळं तेल गळलं, अर्धी वाटी भरलं. वासानं डोकं दुखलं. हे इंजिन ऑइल आहे का? इंजिन गेलं का?

होटगी रोड
घाबरू नका. ते गॅसमधलं जड तेल आहे, रिड्यूसरच्या तळाला साचतं. दर काही महिन्यांनी डबा कोमट असताना आणि टाकीचा वॉल्व्ह बंद करून काढायचं असतं. दहा वर्षांत कुणी काढलं नसेल. हे मोकळ्या जागेत करा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात साचून राहतो.

सीएनजीवाला
थराला संडास साफ करायचं अ‍ॅसिड टाका, पाच मिनिटांत मोकळं.

रिटायर्ड फोरमन
नाही! रिड्यूसरची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असते. त्या अ‍ॅसिडनं ती खाल्ली जाईल आणि गॅसची वाट आणि पाण्याची वाट एक झाली की गॅस रेडिएटरमध्ये येईल. लिंबूसत्त्वाचं पाणी चालेल, तेही थोडा वेळ ठेवून लगेच भरपूर धुवायचं. त्याहून चांगलं म्हणजे डबा खोललाच आहे तर पडदे आणि रबरांचा पूर्ण सेट बदलून घ्या. हे गॅस किटचं काम करणाऱ्या माणसाकडूनच, साध्या मिस्त्रीकडून नको. जोडून झाल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बघा, बुडबुडा आला तर गाडी हलवायची नाही. रेडिएटर धुऊन कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा. थर्मोस्टॅट नवा टाका. आणि टॅपेट सेट करून घ्या, गॅसवरच्या जुन्या इंजिनात एक्झॉस्ट वॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो आणि गॅप संपते.

नवीन सदस्य
विषय सोडून विचारतो, जिप्सी विकायची आहे का? मंगळवेढ्याकडं रान आहे, पावसात काळ्या मातीत ट्रॅक्टरशिवाय काही जात नाही.

काळं रान
नाही. वडिलांची आहे. त्यांनी ज्या रानात ती फिरवली त्याच रानात फिरणार. तुमच्यासारखंच आमचं, जूनमध्ये काळी माती चाकाला धरली की दुसरी कुठली गाडी बांधावरून पुढं सरकत नाही.

काळं रान
मंगळवारचं सांगतो. रिड्यूसरचा सेट, थर्मोस्टॅट, कूलंट, सगळं काकांनी सांगितलं तसं केलं. आई पुढच्या सीटवर, मागं दोन मावश्या. घाट दुसऱ्या गिअरमध्ये एका दमात चढली. वर पोचल्यावर मुद्दाम थांबून बॉनेट उघडलं, डबा चांगला गरम होता, थेंबभरही दव नाही. आईनं देवीपुढं गाडीचाही नारळ फोडला.

टॅपेट सेट करताना तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला फीलरची (गॅप मोजायच्या पट्ट्यांची) पातळातली पातळ पट्टीही शिरत नव्हती. ती गॅप दिल्यावर आयडलिंगची थरथर बरीच कमी झाली. पण सकाळी स्टार्टर अजून सात-आठ वेळा मारावा लागतो.

रिटायर्ड फोरमन
वा! आईंना नमस्कार सांगा. सकाळी इंजिन गार, म्हणजे पाणी गार, म्हणजे रिड्यूसरला ऊब नाही. सकाळचा स्टार्ट पेट्रोलवर, पाणी गरम झालं की गॅसवर टाकायची. त्यासाठी कार्ब्युरेटर खोला, दोन वर्षं कोरडा पडून त्याची पॅकिंग आकसली असतील. पाझरतोय कुठून, वाटीतून की पंपाच्या जोडातून? गॅप संपलेली होती तर वॉल्व्ह थोडा जळलेलाही असू शकतो, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून आकडे इथंच लिहा. नवीन धागा काढू नका.

बार्शीकर
थर्मोस्टॅटची किंमत किती पडली? आमच्या एका गाडीला टाकून बघतो.