पहिली एमटीबी: स्वस्त सस्पेन्शन फोर्क की साधा रिजिड?

मुरूमवाट:
तीस-पस्तीस हजारांत पहिली माउंटन बाइक घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. या किमतीत सस्पेन्शन फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या आणि धक्क्यावर दबणाऱ्या दुभागी दांड्याच्या, मागे लागू नका. रिजिड, म्हणजे न दबणारा फोर्क, सव्वादोन इंची टायर आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेक घ्या.

या किमतीच्या बहुतेक फोर्कमध्ये लोखंडी स्प्रिंग असते आणि डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारी सोय, नावापुरतं. वरची प्रीलोडची कळ फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते, एवढंच. तिचा कडकपणा काही बदलत नाही. फोर्कचं वजन अडीच किलोच्या घरात, रिजिड साधारण त्याच्या निम्मा. एका पावसाळ्यात सीलमधून चिखल आत जातो, नळ्यांवर गंज चढतो आणि मग तो धड दबतही नाही.

१९७६ पासून कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत रीपॅकच्या उतारावर शर्यती झाल्या, त्या जाड टायरच्या जुन्या, सस्पेन्शन नसलेल्या सायकलींवर. मागच्या हबमधला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातला, ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं. तिथे माणसं अडली ती ब्रेकपाशी.

घाटउतार:
साफ असहमत. रीपॅकचा उतार म्हणजे मातीचा रुंद रस्ता. आपल्याकडे पायवाटेवर बेसॉल्टचे सुटे धोंडे असतात. आणि पुढचा इतिहासही बघा की! रॉकशॉक्स कंपनीचा पहिला सस्पेन्शन फोर्क १९८९ मध्ये आला आणि १९९० मध्ये अमेरिकेतल्या दुरँगोच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत ग्रेग हर्बोल्डने उताराची शर्यत सस्पेन्शनवर जिंकली.

ब्रेकचाच मुद्दा घ्या. दगडांवरून उतरताना रिजिडचं पुढचं चाक टणाटण उडतं. चाक हवेत असताना ब्रेक कितीही भारी असला तरी धरणार काय? शिवाय नवीन माणूस हँडल घट्ट आवळतो. अर्ध्या उतारातच त्याची बोटं बधिर होतात आणि नेमकं तेव्हा ब्रेक दाबायला जोर उरत नाही. स्वस्त फोर्कचं निम्मं काम झालं तरी त्याला ते हवं आहे.

मुरूमवाट:
चांगल्या एअर फोर्कबद्दल, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेवर दबणाऱ्या फोर्कबद्दल, तुमचं सगळं मान्य. पण परतीची उसळी आवरणारं डॅम्पिंग नसलेला फोर्क दगडावर दबतो आणि तितक्याच जोराने हँडल वर फेकतो. ते निम्मं काम नाही, तो धोका आहे. हात बधिर होतात त्याला उपाय आहे: उतारावर पेडल समांतर ठेवून उभं राहायचं, कोपर आणि गुडघे मोकळे, टाचा किंचित खाली, ब्रेकवर एकच बोट, नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता वाट जिथे वळते तिथे. सीट आधी खाली घ्यायची. हे न शिकता कुठलाही फोर्क लावला तरी हात दुखणारच.

कातळसडा:
रत्नागिरीकडून लिहितोय. फोर्कवर एवढी चर्चा, आणि टायरमधल्या हवेबद्दल चकार शब्द नाही! दुकानात पन्नास पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून देतात आणि माणूस तसाच वाटेवर जातो. सत्तर किलोच्या माणसाला सव्वादोन इंची टायरमध्ये ट्यूब असताना २५ ते ३० पीएसआय पुरे. त्याहून फार उतरलात तर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. मीटर असलेला पंप घ्या, अंगठ्याने दाबून हवा कळत नाही.

ट्यूबलेसचं, म्हणजे ट्यूब नसलेल्या आणि आत भोक बुजवणारा द्रव (सीलंट) ओतलेल्या टायरचं, मात्र मला आमच्याकडे पटत नाही. जांभ्याच्या कडा टायरची बाजू चिरतात आणि ती चीर सीलंटने भरत नाही. मी ट्यूब आणि जाड बाजूचे टायर वापरतो. पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, शेवाळ धरतं, तेव्हा कुठलाच टायर कामाचा नाही. उतरून चालावं.

माळरान:
कातळसडाभाऊ, तुमच्या कोकणात ठीक. इकडे सोलापूरकडच्या माळावर सराटे आणि बाभळीचे काटे. ट्यूब घेऊन निघालं की दिवस पंक्चर काढण्यात जातो. ट्यूबलेसमध्ये काटा उपटला की सीलंट भोक बुजवतं. फक्त आमच्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी उघडून बघायचं. चिरलं तर आत घालायला एक ट्यूब पाठीवर असतेच.

टेकडीवरची:
माझं वजन पन्नास किलोच्या आसपास. माझ्या सायकलवरचा स्प्रिंगचा फोर्क माझ्याखाली जेमतेम दबतो, म्हणजे मी चढावर फक्त त्याचं ओझं वाहते. हलक्या माणसांनी, विशेषतः मुलींनी, मुरूमवाट यांचं ऐकावं. पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी चालणारे भरपूर असतात, तिथे तसाही सुसाट उतरायचा हक्क कुणालाच नाही. पण पुढे एअर फोर्क लावायचा झाला तर आत्ता काय बघून घ्यावं?

घाटउतार:
ताई, पन्नास किलोला ती स्प्रिंग कडकच पडणार, तेवढं तुमचं बरोबर. माझ्यासारख्या ऐंशी किलोवाल्याला ती बऱ्यापैकी दबते, म्हणून मी बाजू सोडत नाही.

आता फ्रेमचं. हेडट्यूब, म्हणजे फ्रेमची पुढची नळी जिच्यात फोर्क बसतो ती, खाली रुंद होणारी, म्हणजे टेपर्ड, असावी. आजचे बरेचसे चांगले एअर फोर्क तशाच फ्रेमसाठी येतात, सरळ हेडट्यूब असली की पर्याय फार कमी. रिजिड घेणार असाल तर तो सस्पेन्शन फोर्कच्या उंचीचा आहे ना ते पाहा. आखूड फोर्कच्या हिशेबाने बांधलेल्या फ्रेमला नंतर उंच फोर्क लावला की पुढचा भाग उचलला जातो, चढावर चाक भरकटतं आणि हेडट्यूबवर नको तेवढा ताण येतो.

मुरूमवाट:
या बाबतीत घाटउतारशी पूर्ण सहमत. अजून एक: मागच्या दातेरी चकत्या हबवर सरकवून बसवलेल्या (कॅसेट) आहेत की आट्यांनी घट्ट केलेल्या (फ्रीव्हील), हे दुकानदाराला चाक काढून दाखवायला सांगा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग आत राहतं, अॅक्सल (चाकाचा आस) आधाराविना लांब पडतो आणि दगडांवर वाकतो. त्या सायकलवर एअर फोर्कचा खर्च करू नका, फोर्कच्या आधी मागचं चाक बदलावं लागेल.