रुग्णवाहिकेच्या खर्चासाठी वेगळा विमा घ्यावा का?

प्रश्न (ऐरोली): माझे वडील ७४ वर्षांचे असून त्यांना हृदयविकार आहे. मागच्या पावसाळ्यात त्यांना खासगी रुग्णवाहिकेने ठाण्याला न्यावे लागले, तेव्हाचे बिल पाहून आम्ही हादरलो. या खर्चासाठी स्वतंत्र विमा घ्यावा का?

उत्तर (कळवा): आधी हाती असलेली पॉलिसी वाचावी. आरोग्य संजीवनीसारख्या प्रमाणित पॉलिसीत दर भरतीमागे रुग्णवाहिकेसाठी २,००० रुपयांपर्यंत मिळतात. मात्र रुग्ण दाखल झाला आणि उपचारांचा दावा मान्य झाला, तरच ही रक्कम मिळते, हे अनेकांना ऐन वेळी कळते. पावती जपून ठेवावी.

उत्तर (नेरूळ): आणीबाणीत प्रथम १०८ ला फोन करावा. ही सेवा राज्यात २०१४ पासून मोफत आहे. माझ्या मते वेगळ्या हप्त्यापेक्षा घरात थोडी रोकड बाजूला ठेवणे बरे, कारण घरी परत आणण्याचा किंवा तपासणीला नेण्याचा खर्च विम्यात सहसा बसतच नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आमच्या पॉलिसीत १,५०० रुपयांची मर्यादा निघाली. पावती मात्र तेव्हा घेतलीच नव्हती, याची फार हळहळ वाटते.