दीड हजार रुपये: हातात द्यावेत की दवाखान्यात घालावेत?

रानपाखरू: ‘लाडकी बहीण योजनेतून बायकांना दरमहा मिळणारे दीड हजार रिचार्ज आणि साड्यांत जातात, तोच पैसा आरोग्य केंद्रांत घातला असता तर राज्य निरोगी झाले असते’, हे कालचे विधान वाचून राहवले नाही. आजार अपुऱ्या जेवणातून, ओल धरलेल्या खोलीतून आणि मजुरी बुडेल म्हणून अंगावर काढलेल्या तापातून वाढतो. ब्राझीलमध्ये २००३ पासून बोल्सा फमिलिया या गरीब कुटुंबांसाठीच्या रोख मदत योजनेची रक्कम प्रामुख्याने आईच्या हाती दिली गेली आणि जिथे ती अधिक कुटुंबांपर्यंत पोहोचली, तिथे कुपोषण व अतिसाराने होणारे बालमृत्यू घटल्याचे आढळले. माझ्या वहिनी शेतमजूर आहेत. पहिल्या हप्त्यातून त्यांनी वाण्याची उधारी फेडली, तेव्हा कुठे घरात पुन्हा तूरडाळ आली. तोवर भाकरीबरोबर ठेचाच होता.

गोदाकाठ: ते विधान माझे आहे आणि मी त्यावर ठाम आहे. ब्राझीलचे तुम्ही अर्धेच सांगितलेत. तिथे लसीकरण आणि गरोदरपणातील तपासणी यांच्या अटी होत्या, शिवाय कुटुंब आरोग्य पथके घरोघर जात होती. आपल्याकडे २००५ पासून, दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला रोख मदत देणाऱ्या जननी सुरक्षा योजनेने बाळंतपणे दवाखान्यात आणली. पण माझ्या मावसबहिणीला ऐन वेळी तालुक्याहून जिल्ह्याला पाठवले आणि वाटेतच बाळ गेले. पैसे जवळ होते, दवाखान्यात भूलतज्ज्ञ नव्हता.

कोरडवाहू: पैसा हातात पडतोच, असे तुम्ही दोघेही धरून चालला आहात. २०२४च्या ऑगस्टमध्ये रक्कम जमा होताच आईच्या बँकेने किमान शिल्लक नसल्याचा दंड कापून घेतला. पुढे ई-केवायसीसाठी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीसाठी, पतीचा किंवा वडिलांचा आधार मागितला. नवऱ्याने टाकलेल्या आणि वडील हयात नसलेल्या बाईने तो कुठून आणायचा?

गोदाकाठ: हा विषय वेगळा आहे. इथे चर्चा आरोग्याची चालली आहे.

कोरडवाहू: वेगळा कसा? हप्ता येईल की नाही याचा भरवसा नसल्याने आई रक्तदाबाची गोळी दिवसाआड घेऊ लागली. शहरात बसून हे दिसणार नाही.

गोदाकाठ: वैयक्तिक बोलू नका, मी उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. ठरल्या तारखेला पैसे आले तर अशा गोळ्या चुकणार नाहीत, एवढे मान्य करते. पण ती गोळी मुळात सरकारी दवाखान्यात नियमित आणि मोफत मिळायला हवी.

रानपाखरू: मग दवाखान्यांसाठी वेगळा निधी मागा, त्या निवेदनावर मीही सही करीन. त्यासाठी माझ्या वहिनींचे दीड हजार काढून घेऊ नका.