इंटरनेट पोचवलं, पण ते तोडायची कळ कोणाच्या हातात? (आफ्रिकेतले डिजिटल हक्क)

नाईलकाठ

युगांडाच्या राजधानीत, कंपालात, आम्ही २०१५ ते २०२१ अशी सहा वर्षं काढली. नवऱ्याची नोकरी होती, मी घरून दोनतीन छोट्या दुकानांचे हिशेब लिहायचे. तिथल्या इंटरनेटबद्दल इकडे कोणी विचारलं की प्रश्न एकच असतो, "तिकडे रेंज येते का?" म्हणून हा धागा काढते आहे.

१८ फेब्रुवारी २०१६ ला युगांडात मतदान होतं. सकाळी व्हॉट्सॲप बंद, फेसबुक बंद. ते एक वेळ सोडा. पण मोबाइल मनीही बंद होतं. युगांडात बहुतेकांची बँक म्हणजे फोनच. पगार फोनवर, भाजीचे पैसे फोनवर, गावाकडे आईला पाठवायचे ते फोनवर. आमच्या कोपऱ्यावर छत्रीखाली बसून पैसे भरून-काढून देणारी एजंट होती. त्या दिवसांत ती नुसतीच बसून असायची. कमिशनवर जगणारी बाई, चार दिवस एक शिलिंग सुटला नाही. निवडणुकीशी तिचा संबंध मतापुरता.

मग १ जुलै २०१८ पासून सोशल मीडियावर कर बसला. दिवसाला २०० शिलिंग, म्हणजे तेव्हाचे साधारण साडेतीन रुपये. डेटाचे पैसे वेगळे. अध्यक्ष मुसेवेनींनी आधीच्या पत्रात लिहिलं होतं की अभ्यास-संशोधनासाठी नेट मोफतच राहावं, पण सोशल मीडियावरच्या 'लुगांबो'वर, म्हणजे चकाट्या-कुचाळक्यांवर, कर हवा. तिथली शिंपीण गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर कापडाचा फोटो पाठवते, ते लुगांबो का? लोकांनी व्हीपीएन (आपण कुठून, काय वापरतो ते लपवणारं ॲप) टाकून कर चुकवला, ज्यांना ते जमेना त्यांनी वापर कमी केला. २०२१ मध्ये तो कर गेला आणि डेटावर १२ टक्के आला.

माझं म्हणणं हे आहे: नेट मिळण्याचा हक्क आणि मिळालेलं नेट कोणाच्या मर्जीने तोडलं न जाण्याचा हक्क हे एकच प्रकरण आहे. आपण आकडे मोजतो ते फक्त पहिल्याचे. २०२४ च्या अंदाजानुसार आफ्रिकेत शंभरातले अडतीसेक जण ऑनलाइन होते, तर जगात अडुसष्ट. दरी मोठी आहे. पण नुसती दरी भरून कळ तशीच ठेवली तर आपण लोकांचं अख्खं जगणं एका बटणाला बांधून देतो.

---

आबा_जावळी

ताई, कळकळ समजली. पण माझं मत वेगळं आहे. मी छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात होतो, जावळीच्या डोंगरात खांब रोवत हिंडलो आहे. सहाराच्या दक्षिणेला साठ कोटी माणसांच्या घरात वीज नाही. ज्याच्या घरी दिवा नाही त्याला तुम्ही "डिजिटल हक्क" काय सांगणार? आधी वीज, पाणी, रस्ता, दवाखाना. हक्कांची भाषा पोट भरल्यावर सुचते.

दुसरं, सरकारला कळ हातात ठेवावीच लागते. एक्स्चेंजमध्ये असताना दंगलीच्या दिवसांत अफवा कशा पसरतात ते मी जवळून पाहिलं आहे. तेव्हा तर साधे फोन होते.

---

नाईलकाठ

आबा, विजेचं म्हणणं खरं आहे. पण वीज आल्यावर मग नेट, असा क्रम तिथे नाहीच. केनियात २००७ मध्ये एम-पेसा ही मोबाइल मनीची सेवा सुरू झाली तेव्हा गावोगावी वीज कुठे होती? लोक आठवडी बाजारात फोन चार्ज करून आणायचे आणि त्याच फोनवर शहरातल्या मुलाचे पैसे घ्यायचे.

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केपमध्ये मांकोसी म्हणून भाग आहे. तिथे लोकांनी विद्यापीठाच्या मदतीने स्वतःची सहकारी संस्था काढून गावचं नेटवर्क उभं केलं. नाव झेंझेलेनी, खोसा भाषेत अर्थ 'आपलं आपण करा'. सौर पॅनेल नेटवर्कसाठी बसवले आणि सुरुवातीची कमाई झाली ती लोकांचे फोन चार्ज करून देण्यातून. वीज आणि नेट तिथे एकाच छपरावर आले. साखर कारखाने आणि दूध संघ सहकारातून उभे करणाऱ्या आपल्या माणसांना हे समजावून सांगायची गरज नसावी.

---

कोरडवाहू

मुद्दा हक्कांचा नाही, किमतीचा आहे. सहाराच्या दक्षिणेला साठ टक्क्यांच्या आसपास लोक असे आहेत की ते राहतात तिथे सिग्नल येतो, पण ते मोबाइल इंटरनेट वापरत नाहीत. टॉवर आहे, माणूस नाही. का? हँडसेट परवडत नाही, डेटा परवडत नाही, वाचता येत नाही किंवा आपल्या भाषेत काही सापडत नाही.

म्हणून मला फेसबुकच्या फ्री बेसिक्सवर भारतात झालेली ओरड तेव्हाही पटली नव्हती. २०१४ मध्ये झांबियात त्याची सुरुवात झाली. थोड्या साइट्स फुकट, आरोग्याची माहिती, नोकऱ्या. आपल्याकडे ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ८ फेब्रुवारी २०१६ ला वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळा दर लावायला बंदी केली आणि सगळे जिंकल्यासारखे नाचले. आपल्याला परवडलं, कारण त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं. झांबियातल्या खेड्यात जिओ आलं नाही. उपाशी माणसाला अर्धी भाकरी देऊ नका, पूर्ण ताट येईपर्यंत थांबा, असं सांगणारे आपण कोण?

---

दालन

कोरडवाहू, भाकरीची उपमा इथे लागू पडत नाही. अर्धी भाकरी खाल्ली तरी उरलेली अर्धी दुसरीकडून मिळवता येते. इथे भाकरी देणाराच ठरवतो की तुम्ही कोणाच्या दारात जायचं. फुकटच्या चार साइट्समध्ये जे नाही ते त्या माणसाच्या लेखी जगात नाही. त्याच्या गावातल्या रेडिओची वेबसाइट, विरोधी पक्षाचं पान, स्थानिक दुकान, सगळं बाहेर.

आणि किंमत हा हक्काचाच विषय आहे. दक्षिण आफ्रिकेत २०१६ मध्ये 'डेटा मस्ट फॉल' म्हणत लोकांनी आवाज उठवला. स्पर्धा आयोगाने चौकशी केली, डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल आला. त्यात निघालं काय, तर छोटे पॅक घेणाऱ्या गरिबाला एकेका एमबीला मोठा पॅक घेणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त मोजावे लागतात. रोज दहा रुपयांचं गोडंतेल आणणाऱ्या बाईला ते डबा घेणारीपेक्षा महाग पडतं, तेच. आयोगाने व्होडाकॉम आणि एमटीएन या मोठ्या मोबाइल कंपन्यांना दर उतरवायला लावले. १ एप्रिल २०२० पासून व्होडाकॉमचा महिन्याचा एक जीबीचा पॅक १४९ रँडवरून ९९ वर आला. ही कोणाची मेहेरबानी नव्हती. लोक भांडले, कायदा होता, आयोगाला दात होते.

---

अदिसकर

मी तीन वर्षं इथिओपियात होतो, कापड उद्योगात. नाईलकाठ यांच्या मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे आणि तो अनुभवातून आहे.

२९ जून २०२० च्या रात्री हचालू हुंदेसा या ओरोमो जमातीच्या गायकाची राजधानी अदिस अबाबात गोळ्या घालून हत्या झाली. दुसऱ्या दिवशी देशभर दंगली. सरकारने नेट तोडलं, तीनेक आठवडे. माझे घरचे इकडे हवालदिल झाले होते, तरी मी म्हणतो की तोडलं ते बरं केलं. आदल्या काही महिन्यांत फेसबुकवर कोणत्या जमातीच्या माणसांना कुठे गाठायचं अशी भाषा चालली होती, माझे सहकारी मला वाचून दाखवायचे. अम्हारिक, ओरोमो, तिग्रिन्या या भाषांतला मजकूर तपासायला कंपनीकडे पुरेशी माणसंच नव्हती. पुढे २०२१ च्या नोव्हेंबरात बहिर दार शहरात एका प्राध्यापकांचा घराबाहेर खून झाला. त्यांच्याविरुद्ध चिथावणीच्या पोस्ट फिरत होत्या, तक्रार करूनही वेळेत काढल्या नाहीत, असं म्हणून त्यांच्या मुलाने डिसेंबर २०२२ मध्ये नैरोबीत मेटावर, म्हणजे फेसबुकच्या कंपनीवर, खटला भरला.

घर पेटलं असताना सिलेंडरचा कॉक बंद करणाऱ्याला तुम्ही हुकूमशहा म्हणणार का?

---

नाईलकाठ

अदिसकर, तुम्ही जे पाहिलं ते मी पाहिलं नाही. त्याला मी हलकं लेखणार नाही.

पण त्याच देशातलं दुसरं टोक बघा. नोव्हेंबर २०२० मध्ये उत्तरेकडच्या तिग्रे प्रांतात युद्ध सुरू झालं, फोन आणि नेट दोन्ही तोडलं. देशात तेव्हा एकच सरकारी कंपनी, त्यामुळे कळही एकच. त्याच महिन्याच्या शेवटी अक्सूम गावात एरिट्रियाच्या सैनिकांनी शेकडो लोकांना मारलं. जगाला त्याची नीट हकीकत कळली २०२१ च्या फेब्रुवारीत. तोपर्यंत आपला माणूस जिवंत आहे की नाही हे बाहेर राहणाऱ्या तिग्रेच्या लोकांना कळायला मार्ग नव्हता. बंदी जवळजवळ दोन वर्षं चालली. अंधारात खून थांबत नाहीत हो, फक्त दिसत नाहीत.

आणि प्राध्यापकांच्या प्रकरणाचं उत्तर नेटबंदी नाहीच, तिथल्या भाषा जाणणारी माणसं कंपनीने नेमणं हे आहे. त्यांच्या मुलानेही कोर्टात तेच मागितलं, पोस्ट तपासणारी जास्त माणसं आणि नुकसानभरपाई निधी. नेट बंद करा असं तो म्हणाला नाही.

---

आबा_जावळी

पण मग सरकारने दंगलीत करायचं काय, ते कोणीच सांगत नाही. दोन वर्षांची बंदी मीही चूकच म्हणेन. दोन दिवसांची?

---

रानवारा

आबा, दोन दिवस म्हणून सुरू होतं. कॅमेरूनचं ऐका. १७ जानेवारी २०१७ ला सरकारने देशाच्या इंग्रजी बोलणाऱ्या दोनच प्रांतांचं नेट तोडलं. वकील आणि शिक्षक आंदोलन करत होते, कोर्टात-शाळांत फ्रेंच लादू नका म्हणून. राजधानीत नेट सुरू, त्या प्रांतांतल्या बामेंडा-बुएआ शहरांत बंद. नेट परत आलं २० एप्रिलला, ९३ दिवसांनी.

बुएआत तरुण पोरांनी सॉफ्टवेअरचे छोटे उद्योग काढले होते, त्या भागाला लोक सिलिकॉन माउंटन म्हणायचे. ही पोरं लॅपटॉप घेऊन दुआलाच्या रस्त्यावर बोनाको नावाच्या गावात गेली, कारण तिथे शेजारच्या प्रांताचा सिग्नल यायचा. एक खोली भाड्याने घेतली. तिला ते 'निर्वासितांची छावणी' म्हणत. त्याच सुमारास बामेंडाचा सतरा वर्षांचा मुलगा गुगलच्या शालेय कोडिंग स्पर्धेत सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा पहिला आफ्रिकन ठरला. त्याचं शेवटचं काम जमा झालं आणि दुसऱ्या दिवशी गावाचं नेट गेलं. एक दिवस इकडेतिकडे झाला असता तर?

हिंसेचं म्हणाल तर त्या दोन प्रांतांत ती त्यानंतर वाढली, पुढे सशस्त्र संघर्ष पेटला.

---

दालन

आबांच्या दोन दिवसांच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो. कायद्यात लिहिलेलं असावं, आदेश लेखी आणि जाहीर असावा, सही कोणाची ते कळावं, मुदत असावी, कोर्टात आव्हान देता यावं. यातलं बहुतेक आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला काश्मीरच्या प्रकरणात सांगितलं आहे. ते पाळलं किती जातं हा वेगळा धागा होईल, कारण २०२३ पर्यंत वर्षानुवर्षं जगात सर्वाधिक नेटबंद्या भारतातच नोंदल्या गेल्या. आफ्रिकेला शिकवायच्या जागी आपण नाही.

उलट तिथून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. झिंबाब्वेत जानेवारी २०१९ मध्ये इंधन दरवाढीविरुद्ध लोक रस्त्यावर आले, नेट तोडलं. आठवड्याभरात उच्च न्यायालयाने सांगितलं की आदेश देणाऱ्या मंत्र्याला तो अधिकारच नव्हता. टोगोतल्या २०१७ च्या नेटबंदीवर पश्चिम आफ्रिकी देशांच्या सामायिक न्यायालयाने, इकोवास कोर्टाने, जून २०२० मध्ये ती बेकायदा ठरवून भरपाई द्यायला लावली. नायजेरियाची ट्विटरबंदीही त्याच कोर्टाने २०२२ मध्ये बेकायदा ठरवली.

आफ्रिकी मानवाधिकार आयोगाने २०१९ मध्ये गांबियातल्या बांजुलला जी तत्त्वं मंजूर केली त्यांत ३७ वं तत्त्व सर्वांना परवडणारं नेट मिळण्याबद्दल आहे आणि लगेच ३८ वं त्यात अडथळा न आणण्याबद्दल. नाईलकाठ यांनी जे मांडलं तेच, शेजारी शेजारी. बंधनकारक नाहीत, पण न्यायाधीशांच्या हाताशी आहेत.

---

कोरडवाहू

कोर्टाचं ठीक आहे. पण कोर्टात जातो कोण? ज्याच्याकडे ओळखपत्रच नाही त्याला सिमकार्ड मिळत नाही. सिम नाही म्हणजे नेट नाही, मोबाइल मनी नाही. तो माणूस तुमच्या ३७ मध्येही नाही आणि ३८ मध्येही नाही.

---

रानवारा

कोरडवाहू, हा मुद्दा मला आधी सुचायला हवा होता. केनियात नेमकं हेच झालं. २०१९ मध्ये हुदुमा नंबा नावाची राष्ट्रीय ओळख योजना आली. नैरोबीतल्या किबेरा वस्तीतल्या न्युबियन समाजाला पिढ्यानपिढ्या ओळखपत्रासाठी जादा चौकश्यांना तोंड द्यावं लागलं होतं. त्यांच्या संघटनेनेच कोर्ट गाठलं. आधारवर अभ्यास असलेल्या एका भारतीय तज्ज्ञाने तिथे साक्ष दिली. ३० जानेवारी २०२० ला उच्च न्यायालयाने डीएनए आणि जीपीएसची माहिती घेण्यास मनाई केली आणि विदासंरक्षणाची (लोकांची खासगी माहिती जपण्याची) कायदेशीर चौकट उभी केल्याशिवाय पुढे जाऊ नका म्हणून सांगितलं. म्हणजे जे सगळ्यात बाहेर होते तेच कोर्टात गेले.

---

अदिसकर

दालन, लेखी आदेशाची अट मला मान्य आहे. तरी एक शंका उरतेच. कोर्टाने आदेश काढला, तोवर दंगल होऊन गेलेली असते. आणि बंदूक असलेलं सरकार कोर्टाला विचारतं कुठे?

---

नाईलकाठ

सुदानमध्ये ३ जून २०१९ ला खार्तूमच्या धरणे-स्थळावर सैन्याने गोळ्या चालवल्या आणि नेट तोडलं. तिथे खरंच बंदुकीचंच राज्य होतं. एका वकिलाने आपल्या मोबाइल कंपनीवर दावा लावला: मी पैसे भरले आहेत, मला सेवा द्या. तो जिंकला. पण दावा त्याच्या एकट्याच्या नावाने होता, म्हणून कंपनीने नेट सुरू केलं ते फक्त त्याच्या एका सिमवर. बाकी शहर तसंच अंधारात.

तो पुन्हा कोर्टात गेला, बाकीच्यांसाठी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांचं नेट परत आलं.