काउंटरच्या पीसीवर शॉर्टकट कसे लावावेत? (देवगड)

खाडीकाठ: आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये विंडोज १० चा पीसी आहे. डेस्कटॉप आयकॉननी गच्च. काउंटरवरच्या काकांना तीनच एक्सेल फाइल्स लागतात: बिल, पेट्यांचा हिशोब, ट्रान्सपोर्टची पावती. डबल क्लिक करताना आयकॉन सरकतो. खर्च ५०० रुपयांपर्यंत.

कातळसडा: ५०० त काय होणार? २४ इंची मॉनिटर घ्या. आमच्याकडे आहे, लांबूनही दिसतं.

वाशिष्ठी: त्याला मॉनिटर कशाला? डेस्कटॉपवर कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवा, आयकॉन मोठे होतात. राइट क्लिक, व्ह्यू, 'ऑटो अरेंज'ची टिक काढा, 'अलाइन टू ग्रिड'ची ठेवा. तिन्ही आयकॉन वर डावीकडे, बाकीचे एका फोल्डरात. नंतर जागा हलवू नका, माणूस नाव वाचत नाही, हात सवयीच्या जागी जातो.

बागायतदार: सांभाळून हां, शॉर्टकट डिलीट केला तर बिलंही जातील.

वाशिष्ठी: नाही जात. कोपऱ्यात छोटा बाण असेल तर तो नुसता पत्ता. बाण नसेल तर मूळ फाइलच डेस्कटॉपवर आहे, ती मात्र डिलीट करू नका.

सड्यावरचा: आधी यूपीएस घ्या. लाइट गेली काय सेव्ह न केलेलं बिल गेलंच.

कातळसडा: यूपीएस हवाच. आणि मॉनिटरही.

रापण: बिल रोज जुन्यावरच सेव्ह होतं का? मग कोरं बिल 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये 'एक्सेल टेम्प्लेट' म्हणून ठेवा. प्रकार निवडल्यावर फोल्डर आपोआप बदलतो, तो पुन्हा हवा तो निवडा. मग त्या फाइलवर राइट क्लिक, सेंड टू, डेस्कटॉप. दर वेळी नवी कोरी प्रत उघडेल, मूळ शाबूत.

मळेवाड: डेस्कटॉप कायम खिडक्यांखाली झाकलेला. टास्कबारला पिन करा.

रापण: फाइल टास्कबारवर ओढली तर ती एक्सेलच्या आयकॉनच्या यादीत जाते. दर वेळी राइट क्लिक. झाकलेल्या डेस्कटॉपला विंडोज+डी पुरतं.

वाशिष्ठी: सरकण्यावर उपाय: माउस सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करा.

मळेवाड: हेच बरोबर. सिंगल क्लिक नको, चुकून दोन-दोन फाइल्स उघडतात.

खाडीकाठ: टेम्प्लेट आजच करते. पण काकांसाठी सिंगल क्लिकच ठेवते: फोल्डर ऑप्शन्स, जनरल, 'सिंगल क्लिक टू ओपन'. दोन फाइल्स उघडल्या तर एक बंद करतील. मॉनिटर नको, यूपीएस पुढच्या हंगामात.