मदत हवी आहे: सायकलचा एडिंग्टन आकडा साइटवर ७१, माझ्या शीटमध्ये ६८

पेडलपंत
एका फुकट साइटवर माझा एडिंग्टन ७१ दिसतोय. तोच डेटा एक्सेलमध्ये घेऊन स्वतः मोजला तर ६८ येतो. फॉर्म्युला तपासला, बरोबर आहे. हा ३ चा घोळ कुठून येतोय? १०० गाठायचं प्लॅनिंग करायला बसलोय आणि सुरुवातच कुठून धरायची ते कळेना. कृपया "पुन्हा डाउनलोड करून बघा" छाप उत्तरं नकोत.

निवांत_नाशिक
हे एडिंग्टन काय प्रकरण आहे ते एका ओळीत सांगा, मग मदत करतो.

आकडेमोडे
@निवांत, एका दिवसात सायकलवर किमान ५० किमी, असे ५० दिवस झाले की एडिंग्टन ५०. ५१ व्हायला किमान ५१ किमीचे ५१ दिवस लागतात. म्हणजे बरोब्बर ५० च्या सगळ्या राइड त्या क्षणी बाद. पुढे पुढे तो हलता हलत नाही तो यामुळेच.
पंत, आता तुम्ही बोला. किमी की मैल? दिवसाची बेरीज घेता की एकेक राइड सुटी? डेटा कुठून काढलात? ट्रेनरवरच्या (घरात जागेवरच चालवलेल्या) राइड धरल्यात का?

पेडलपंत
किमीच, दुसरं काय असणार. दिवसाची बेरीज. स्ट्राव्हाची (राइड नोंदवायचं ॲप) पूर्ण अर्काइव्ह मागवली, त्यातली ॲक्टिव्हिटीज नावाची सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारी यादी.

बिनगिअर
या सगळ्या भानगडी हव्यात कशाला? हँडलवर स्वस्तातलं वायरवालं मीटर आणि एक वही. संध्याकाळी आकडा लिहायचा. वहीत फरक पडत नाही.

चढणबाई
वहीतही पडतो, मीटरमध्ये चाकाचा घेर चुकीचा भरला असेल तर. ७००×२५ मापाच्या टायरसाठी तक्त्यात २१०५ मिमी असतो, ७००×२८ साठी २१३६. टायर २८ चा लावला आणि मीटर २५ वरच राहिलं तर खऱ्या १०० किमीला मीटर ९८.५ दाखवतं. तक्त्यावरही विसंबू नका. हवा नेहमीइतकी भरा, व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खडूची खूण करा, सायकलवर बसून चाकाचे दोन पूर्ण फेरे पुढे जा, परत खूण करा, अंतर मोजून निम्मं करा. माणूस बसला की टायर दबतो आणि घेर थोडा कमी भरतो, म्हणून बसूनच मोजायचं.

पेडलपंत
ताई, उत्तम माहिती, पण माझ्या दोन्हीकडे अंतर एकाच जीपीएसचं आहे. घेराचा संबंध नाही.

आकडेमोडे
पंत, पहाटे किती वाजता निघता?

पेडलपंत
वेळेचा काय संबंध? शनिवारी ग्रुपबरोबर सहाला, रविवारी एकटाच असतो, पावणेपाचला.

आकडेमोडे
मग सापडलं. त्या सीएसव्हीत तारीख-वेळ भारतीय नसते, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते. आपण साडेपाच तास पुढे. रविवारी पहाटे ४:४५ ची राइड फाइलमध्ये शनिवारी रात्री ११:१५ ची म्हणून येते. शनिवारची सहाची राइड मात्र शनिवारीच राहते (रात्री १२:३०). तुम्ही तारखेनुसार बेरीज केलीत की शनिवारचे ९० आणि रविवारचे ८० मिळून शनिवारी १७० होतात आणि रविवार कोराच. एडिंग्टनला १७० चा एक दिवस म्हणजे एकच दिवस. दोनाचा एक झाला. साइट स्थानिक वेळ धरते, म्हणून तिकडे जास्त.
उलटंही होतं बरं का. शनिवारी संध्याकाळी ३५ आणि रविवारी पहाटे ४० असेल तर ७५ चा खोटा दिवस तयार होतो. म्हणून "आपला आकडा कमी तर कमी, सुरक्षित बाजूला आहे" असं समजू नका.

दुरुस्ती अशी:
आधी तारखेचा रकाना बघा. मजकूर डाव्या कडेला चिकटलेला असेल तर एक्सेलला ती तारीख कळलेलीच नाही, उजवीकडे असेल तर कळली. फाइलमध्ये वर्षानंतरही स्वल्पविराम असतो, त्यावर बहुतेक वेळा अडतं. शोधा-बदला मधून "२०२३," च्या जागी "२०२३" आणि एक मोकळी जागा, असं प्रत्येक वर्षासाठी करा (फाइलमध्ये अर्थात इंग्रजी आकडे). तरी डावीकडेच राहिलं तर कॉम्प्युटरचं रीजन सेटिंग युनायटेड स्टेट्स करा, कारण महिना आधी लिहिलेला असतो.
मग नवा रकाना: तारीख अधिक ५.५/२४, आणि त्यावर इंट लावा म्हणजे वेळ गळून फक्त दिवस उरतो. ५.५/२४ असंच लिहा, ०.२३ वगैरे नको. ०.२३ ने ७२ सेकंद जास्त मिळतात. रात्री बाराच्या जवळपास सुरू केलेली राइड असेल तर गेली पुढच्या दिवसात.
अंतराचे दोन रकाने एकाच नावाने येतात. त्यातला मीटरवाला घ्या आणि १००० ने भागा. राउंड करू नका. ७०.९६ शीटमध्ये ७१ दिसतं, पण ते ७१ नाही.
आता या नव्या दिवसावर पिव्होट (एक्सेलचा गटवार बेरजेचा तक्ता), अंतराची बेरीज, उतरता क्रम. शेजारी १, २, ३ असे अनुक्रमांक. अंतर अनुक्रमांकाइतकं किंवा जास्त असलेली शेवटची ओळ म्हणजे तुमचा एडिंग्टन. कुठल्याही फॉर्म्युल्यापेक्षा हे डोळ्यांना पटतं.

थेम्सकाठी
५.५ सरसकट मिळवणं धोक्याचं. परदेशात केलेल्या राइड असतील तर त्यांना त्या ठिकाणचा फरक हवा. आमच्याकडे इंग्लंडात तर हिवाळ्यात शून्य आणि उन्हाळ्यात एक तास. देशाप्रमाणे वेगळा रकाना ठेवा.
आणि मुळात हे गणित मैलांचं आहे. ज्यांच्या नावाचा हा आकडा, त्या खगोलशास्त्रज्ञ सर आर्थर एडिंग्टन यांचा ८४ होता तो मैलांत. ८४ मैल म्हणजे १३५ किमी. किमीमध्ये मोजून स्वतःला फुगवून घेण्यात काय अर्थ?

बिनगिअर
एडिंग्टन म्हणजे तेच ना, ज्यांनी आपल्या खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखरना भर सभेत उडवून लावलं?

थेम्सकाठी
तेच. ११ जानेवारी १९३५, रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी. पण दोघांची मैत्री टिकली. एडिंग्टन पत्रांतून चंद्रशेखरना आपला सायकलचा आकडा कळवत असत.

बिनगिअर
मैत्री टिकली हे चंद्रशेखर यांचं मोठेपण. नोबेल मिळायला १९८३ उजाडलं.

निवांत_नाशिक
काका, सायकल, सायकल.

पेडलपंत
साडेपाच तास मिळवले. ७० आला. बाहेरदेशी एकही राइड नाही. अजून १ कुठाय?

चढणबाई
ॲक्टिव्हिटीच्या प्रकारावर फिल्टर लावलाय का?

पेडलपंत
हो, फक्त "राइड". नाहीतर चालणं-पळणं पण येतं त्यात.

चढणबाई
मग पावसाळ्यातल्या ट्रेनरच्या राइड गळल्या. त्या "व्हर्च्युअल राइड" या वेगळ्या प्रकारात येतात. ते पण फिल्टरमध्ये घ्या.

पेडलपंत
घेतल्या. ७१. दोन्हीकडे जुळलं.

बिनगिअर
जुळलं कसलं! खोलीत पंख्याखाली फिरवलेलं चाक कुठे पोचतं? ते अंतर सॉफ्टवेअर ठरवतं, रस्ता नाही. ७० च धरा.

आकडेमोडे
याबाबतीत काकांशी सहमत. व्हर्च्युअलमध्ये वेग वॉट (पायांची ताकद) आणि तुम्ही भरलेल्या वजनावरून निघतो. वजन पाच किलो कमी भरलं की चढावर अंतर आपोआप वाढतं. मी दोन रकाने ठेवतो, बाहेरचा आणि एकूण.

चढणबाई
घाम खरा असतो हो. पण एकूणमध्ये धरायचं की नाही ते एकदा ठरवा आणि मग बदलू नका, एवढंच. दरवर्षी नियम बदलला की आकड्याला अर्थ राहत नाही.

पंत, ब्रेव्हेच्या (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या) राइड कशा धरल्यात?

पेडलपंत
एसआर (एका वर्षात २००, ३००, ४००, ६०० किमीची ब्रेव्हे) झालंय, सगळ्या सलग एकेक फाइल. पण आता तो प्रश्न नाहीये. प्रश्न शंभरचा.

चढणबाई
प्रश्न आहे. ६०० ला ४० तास असतात. पहाटे पाचला सुटलात तर दुसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत. सलग फाइल असली की सगळे ६०० सुटायच्या तारखेला लागतात आणि दुसरा दिवस शून्य. मध्यरात्री रेकॉर्डिंग सेव्ह करून नवं सुरू केलं तर समजा ३५० आणि २५०, दोन दिवस मिळतात. शंभरच्या हिशेबात फुकटचा एक दिवस. ३०० ला २० तास असतात, पाचला सुटून एकपर्यंत, तिथे तोडून काही हाती लागत नाही. आयोजक सलग फाइल मागत असतील तर मात्र तोडू नका, ब्रेव्हे महत्त्वाचं.

आकडेमोडे
शंभरसाठी एवढंच सांगा: पिव्होटमध्ये ७५ च्या वर किती दिवस, ८० च्या वर किती, १०० च्या वर किती?

पेडलपंत
६१, ५२, ३४.

आकडेमोडे
म्हणजे ७५ ला १४ दिवस कमी, ८० ला २८, १०० ला ६६. आता गंमत बघा. १०० ची एक राइड केलीत की तिन्ही बाक्या एकेकाने उतरतात. ७६ ची केलीत तर फक्त पहिली उतरते, आणि ७७ वर पोचलात की तीही वाया. तेव्हा "सध्या ७१ आहे, ७२ करून येऊ" हा सगळ्यात महागडा मार्ग. निघायचं तर १०० च्या वरच.

निवांत_नाशिक
म्हणजे आमचं नाशिक-त्र्यंबक-परत एडिंग्टन ६० झाल्यावर निकामी?

आकडेमोडे
एडिंग्टनपुरतं, हो. पुण्याच्या मंडळींचं शिरवळ-परतही तसंच फसवं. कुठून निघता त्यावर शंभरच्या अलीकडे किंवा पलीकडे. ९९.४ ला घरी आलात तर ती राइड ९९ ची. शिरवळच्या अलीकडे सारोळ्यापाशीच अंदाज घ्या आणि कमी पडणार असेल तर शिरवळच्या पुढे तीन किमी जाऊन वळा. सोसायटीत गोल फिरण्यापेक्षा बरं. लोणावळा-परतला हा प्रश्न येत नाही.

थेम्सकाठी
आणि पंत, तुमच्या याच आकड्यांवरून मैलांचा एडिंग्टन बघा. ७१ ला ०.६२ ने गुणून ४४ काढाल तर चूक. ८० किमी म्हणजे ४९.७ मैल, तसे तुमचे ५२ दिवस आहेत. म्हणजे मैलांत किमान ४९ झालाच. एकक बदललं की सगळी यादी नव्याने मोजावी लागते.

दीडशहाणा२००
फोनवर रेकॉर्ड करत असाल तर बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून ॲप वगळा. स्क्रीन बंद झाल्यावर फोन ॲपला झोपवतो, मग नकाशावर पसरणी घाटाची वळणं कापून सरळ रेघ येते आणि अंतर कमी भरतं. आणि शंभरच्या वर हाताला मुंग्या येत असतील तर सॅडलचं नाक खाली झुकलंय का ते बघा, सगळं वजन हातांवर येतं.

पेडलपंत
मुंग्यांबद्दल कोणी विचारलं? (नाक झुकलेलंच आहे, बघतो.)
आकडेमोडे, दर महिन्याला अख्खी अर्काइव्ह मागवायची का?

आकडेमोडे
गरज नाही. नव्या राइड हाताने खाली लिहा, पण भारतीय तारखेने, आणि त्या ओळींना ५.५ चा फॉर्म्युला ओढू नका. पहाटेच्या राइडना काही होणार नाही, पण संध्याकाळी साडेसहानंतर सुरू केलेली राइड दुसऱ्या दिवशी जाऊन बसेल. पिव्होटची रेंज शेवटच्या ओळीपर्यंत वाढवा आणि रिफ्रेश करा, तो आपोआप होईलच असं नाही.