फी भरून मिळालेला पुरस्कार ईबी-१एच्या अर्जात लावावा का?

डांडियाबाजारची ताई
धाकटा भाऊ ह्यूस्टनला केमिकल प्रोसेस इंजिनिअर आहे. असामान्य गुणवत्तेच्या जोरावर अमेरिकेचं ग्रीन कार्ड मागायचा वर्ग म्हणजे ईबी-१ए, त्यासाठीच्या आय-१४० अर्जाची तयारी चालू आहे. मध्ये त्याला मेल आला, तुमचं नामांकन झालंय, फी भरा. भरली, आणि आठ दिवसांत 'सुवर्ण विजेता'! मानचिन्ह इथे बडोद्याच्या पत्त्यावर आलं. खोका मीच फोडला. अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा, खाली नावाची पट्टी चिकटवलेली, तिचा एक कोपरा तेव्हाच सुटलेला. आई ते देवघराजवळ मांडायला निघाली आणि माझ्या पोटात कालवलं. इथे गुजरातेत, दहेज गावच्या प्लांटमध्ये ह्या मुलाने सहा वर्षं रात्रपाळ्या करून जे काम उभं केलं, त्याच्या शेजारी हा ठोकळा? माझं स्पष्ट मत, लावू नये.

मांडवीकर
ताई, भावना पोचली, पण पटलं नाही. दहा निकषांपैकी किमान तीन दाखवायचे असतात, पुरस्कार त्यातला पहिला. नियम म्हणतो, त्या क्षेत्रातल्या उत्कृष्टतेसाठी दिलेला, राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मान्यता असलेला. फीचा त्यात उल्लेखच नाही. प्रवेशिकेची फी तर चांगल्या चांगल्या स्पर्धांना असते. आणि कारखान्यात राबणाऱ्याला आपल्याकडे पुरस्कार देतं कोण? ईबी-२, म्हणजे उच्चशिक्षितांच्या ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांची दहा-दहा वर्षं जातात, तोवर मुलं २१ ची होऊन आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतात. अशा माणसाने हाती आलेला कागद का सोडायचा?

कमाटीबाग
कारण तो कागद उलटतो. माझ्यावर उलटलाय. असाच एक पुरस्कार मी लावला आणि पुरावे मागणारं पत्र आलं, म्हणजे आरएफई. निवडीचे निकष काय, परीक्षक कोण, किती प्रवेशिकांतून किती विजेते, भाग कोणाला घेता येतो? आयोजकांना मी चार मेल केले. उत्तर एकाच मेलला आलं, त्यात पुढच्या वर्षीच्या फीचा तक्ता होता.

मांडवीकर, निकष मोजून काम संपत नाही. २०१० च्या कझारियन खटल्यातल्या अमेरिकी कोर्टाच्या निकालापासून दोन पायऱ्या आहेत. आधी तीन निकष भरतात का ते बघतात, मग सगळा पुरावा एकत्र तोलून हा माणूस खरोखर त्या क्षेत्रातल्या वरच्या मोजक्यांत आहे का ते ठरवतात. त्या दुसऱ्या पायरीवर माझी खरी शिफारसपत्रंसुद्धा फिकी पडली असं मला आजही वाटतं.

सूरसागर
अर्जावर सही करताना मजकूर खरा असल्याचं शपथेवर सांगावं लागतं. महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं सांगितलं तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. ह्याच्याशी खेळू नका.

मांडवीकर
घाबरवू नका हो. मिळालेला पुरस्कार 'मिळाला' म्हणणं खोटं नाही. नसलेलं वजन त्याला चिकटवलं तर खोटं. कमाटीबाग, तुमच्यावर आलेली वेळ वाईटच, पण तुमच्याकडे परीक्षकांची यादी नव्हती. ज्याच्याकडे यादी, निकष, प्रवेशिकांचा आकडा लेखी आहे, त्याने फी भरली असली तरी बेलाशक लावावा. ह्यावर मी ठाम आहे.

आणखी एक. ऑक्टोबर २०२४ मध्ये यूएससीआयएसने, म्हणजे हे अर्ज तपासणाऱ्या अमेरिकी खात्याने, आपल्या धोरणात स्पष्ट केलंय की टीमला मिळालेला पुरस्कारही ह्या निकषात धरता येतो. ताई, भावाच्या प्लांटला काही मिळालं होतं का?

डांडियाबाजारची ताई
मांडवीकर, फीबद्दल तुमचं-माझं जमणार नाही. आपल्या बडोदे संस्थानात श्रावणमासाची दक्षिणासुद्धा विद्वानांना परीक्षा देऊन मिळायची. परीक्षा झाली असेल तरच मान, हे ह्या गावात मला तरी कोणी नव्याने शिकवायला नको.

पण टीमचं ऐकून लगेच भावाला फोन लावला. सुरक्षिततेचा देशपातळीवरचा पुरस्कार त्याच्या पाळीला मिळाला होता! प्रमाणपत्र अजून प्लांटच्या ऑफिसात भिंतीवर आहे, पण त्यावर नाव फक्त कंपनीचं. ह्याला ते कधी आपलं वाटलंच नाही.

आता टीममधल्या नावांचं पत्र कंपनीकडून लेखी मिळवायचंय. एचआरने द्यावं की प्लांट हेडने? कोणी असं पत्र काढलं असेल तर सांगा, सोमवारी मी स्वतः दहेजला जातेय.

कमाटीबाग
प्लांट हेडचं घ्या. आणि भावाचं त्यातलं नेमकं काम काय होतं, ते त्याच पत्रात लिहून घ्या.